माहेरचा चंद्रगुप्त

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे. कपडे वाळत घालायची. आता तुम्ही म्हणाल, दोरीचे कसले आले आहे आत्मवृत्त? साबण, पाणी, ऊन, वारा, संपली गोष्ट. पण जरा थांबा. माझ्या अंगावर मौर्य वाळले आहेत, गुप्त वाळले आहेत. पानिपतच्या तिन्ही लढाया एका ओल्या टॉवेलाच्या शेजारी दिवसभर लटकल्या आहेत. असे भाग्य दुसऱ्या कुणा दोरीच्या वाट्याला आले असेल, तर तिने खुशाल पुढे यावे. मी तिला माझी जागा देईन.

माझा जन्म एका लांबलचक, अरुंद आवारात झाला. तिथे एका टोकाला आकडे लावलेले चाक होते. दोर वळणारा कारागीर कमरेला कापूस गुंडाळून त्या चाकापासून मागे मागे चालत जाई. हो, मागेच. आम्ही दोऱ्या जन्मतो त्याच मुळी उलट्या चालीतून. तो जितका मागे जाई तितकी मी लांब होत जाई. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल. तीन पदर एकमेकांत वळून त्याने मला पीळ दिला, दोन्ही हातांनी ओढून पाहिले आणि स्वतःशीच म्हणाला, "ही संसार सांभाळेल." त्या एका शब्दावर मी कितीतरी वर्षे ताठ राहिले. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. मी तर चांगली सुती, माझ्या पिळाचे काय विचारता!

ज्या घरात मी आले ते तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर होते. स्वयंपाकघराच्या मागे एक चिंचोळी गॅलरी होती. तिच्या एका टोकाला खिडकीचा गज आणि दुसऱ्या टोकाला भिंतीतला खिळा. या दोघांच्या मधे माझे सारे आयुष्य गेले. मला विकत आणणाऱ्या बाईंना त्या वेळी एक लहान मुलगा होता आणि नवरा नव्हता. पुढे घरात सून आली आणि त्या सासूबाई झाल्या. मीही त्यांना सासूबाईच म्हणते, कारण तोच त्यांचा सगळ्यात सुखाचा काळ होता.

सासूबाई एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होत्या. दिवसभर चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. त्यामुळे कपडे वाळत घालणे हे त्यांच्या लेखी काम नव्हते, ते शास्त्र होते. त्यांचा एक नियम होता: लहान आधी, मोठे मागून. आधी हातरुमाल, मग मोजे, मग सदरे, मग टॉवेल आणि शेवटी चादर. त्यांच्या मुलाने एकदा मोज्यांच्या आधी टॉवेल टाकला, तर त्यांनी सगळी ओळ काढून पुन्हा लावली. "ओळ म्हणजे ओळ," त्या म्हणाल्या. "ती एकदा चुकली की सगळंच चुकतं." या नियमाने पुढे काय गोंधळ घातला ते सांगतेच.

त्याआधी माझ्या गाठीविषयी सांगायला हवे. सांगताना अजूनही जीव कसानुसा होतो. एका सकाळी सासूबाईंनी घरातली जाडजूड सतरंजी धुतली आणि ओलीचिंब माझ्यावर टाकली. मी दात आवळून धरले, पण शेवटी मधोमध तुटले. सतरंजी, सदरे, मोजे, सगळे गॅलरीत लोळले. वाटले, आता माझी रवानगी कचऱ्यात. पण सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट सतरंजीलाच म्हणाल्या, "काय खाऊन खाऊन फुगली आहेस!" मग माझी दोन टोके एकमेकांत अडकवून त्यांनी भिंतीला पाय लावून जोर देत अशी गाठ मारली, की ती आजतागायत सुटलेली नाही.

मी वाचले खरी, पण मला त्या गाठीची फार लाज वाटे. माझ्या सरळ अंगावर तो मधेच एक गठ्ठा. त्यावर सदरा टाकला तर त्याच्या पाठीला कुबड यायचे. चिमटाही तिथे धड बसायचा नाही. सगळे कपडे गाठीला वळसा घालून अलीकडे किंवा पलीकडे जायचे आणि ती जागा नेहमी उघडी राहायची. कुणी गॅलरीत आले की मी वाऱ्यावर जरा वळून ती गाठ भिंतीकडे करायचा प्रयत्न करी. दोरीला ते कितपत जमणार!

सासूबाई धुलाईखान्यातून निवृत्त झाल्या, मुलगा मोठा झाला आणि लिफ्ट दुरुस्त करायच्या कामाला लागला. घरी आला की तो लिफ्टच्या पोलादी दोरांचे कौतुक सांगत बसे. एकेक दोर म्हणे दहा-दहा माणसे उचलतो. मला ते मुळीच आवडत नसे. त्यांनी एकदा हातरुमाल धरून दाखवावा म्हणजे कळेल.

मग त्याचे लग्न झाले आणि सून घरात आली. येताना तिने कपड्यांची एक पेटी आणि पुस्तकांच्या दोन पेट्या आणल्या. ती सरकारी अधिकारी होण्याच्या स्पर्धा परीक्षेला बसत होती. पूर्व परीक्षा, मग मुख्य परीक्षा, मग मुलाखत, अशी ती तीन उंबरठ्यांची परीक्षा. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारले, "परीक्षा झाली की मग काय?" सून म्हणाली, "मग दुसरी परीक्षा." सासूबाईंनी कपाळाला हात लावला, पण सकाळचा चहा त्या दिवसापासून त्याच करू लागल्या.

सुनेचे बाकीचे विषय चांगले होते. घोडे पेंड खायचे ते इतिहासात. भारताचा इतिहास म्हणजे काही थोडाथोडका नाही. तिला गोष्टी आठवत, माणसे आठवत, पण कोण आधी आणि कोण नंतर, हे ऐन वेळी गडबडे. आदल्या वर्षी ती मुख्य परीक्षेपर्यंत पोचली होती. तिथे चंद्रगुप्त पहिला याच्याविषयी प्रश्न आला. आता हा पहिला चंद्रगुप्त गुप्त घराण्यातला. पण त्याच्याही सहाशे-साडेसहाशे वर्षे आधी मौर्यांचा चंद्रगुप्त होऊन गेला होता. सुनेने घाईत 'पहिला' वाचले, पहिला म्हणजे जो आधी झाला तो, असे धरले, आणि दोन पाने भरून मौर्यांचा राज्यकारभार लिहून आली. उत्तर अगदी झकास होते. माणूस फक्त दुसरा होता. थोडक्या गुणांनी ती गेली. त्या संध्याकाळी ती माझ्याखाली उभी राहून वाळलेले कपडे काढत होती आणि काढता काढता एका टॉवेलात तोंड खुपसून रडली. तो टॉवेल पुन्हा वाळत घालावा लागला.

आता वयाच्या अटीप्रमाणे तिची एकच संधी उरली होती. यंदा नाही तर कधीच नाही. घरात कुणी हे मोठ्याने बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होते.

इतिहासाची ओळ डोळ्यांसमोर दिसली पाहिजे, असे तिच्या मनाने घेतले. तिने साबणाच्या पावडरचे रिकामे खोके कापून पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या केल्या आणि एकेकीवर एकेक घटना आणि साल लिहिले. आधी त्या भिंतीवर चिकटवल्या. पण भिंतीला ओल होती. दोन दिवसांत अख्खे गुप्त साम्राज्य जमिनीवर. मग तिची नजर माझ्यावर गेली.

"आई, दुपारी कपडे निघाल्यावर मी दोरी वापरू का?"

"वापर की," सासूबाई म्हणाल्या. "दोरी काय तुझी-माझी? फक्त माझे चिमटे मोजून परत दे."

असा इतिहास माझ्या अंगावर आला. सकाळी सदरे, दुपारी साम्राज्ये. खिडकीच्या गजाकडून सिकंदर, मग चंद्रगुप्त मौर्य, मग अशोकाचे कलिंगचे युद्ध, अशा चिठ्ठ्या निघत आणि खिळ्यापाशी देशाचे स्वातंत्र्य लटके. मला कधी नव्हे ते भरून आले. जन्मभर लोकांचे ओले कपडे वाहिले, आता जरा कोरडे आणि कामाचे काही मिळाले होते. कलिंगच्या चिठ्ठीच्या पाठीवर खोक्यावरची अर्धी जाहिरात राहिली होती: 'कसलाही डाग, एका धुण्यात साफ'. वारा आला की युद्ध उलटे होई आणि जाहिरात दिसे.

एके दिवशी सून सराव परीक्षेला गेली होती. आभाळ अचानक भरून आले, वारा सुटला, चिठ्ठ्या फडफडू लागल्या. सासूबाई हातातली भाजी टाकून धावत आल्या. सुनेच्या चिठ्ठ्या भिजू नयेत म्हणून त्यांनी एकेक चिमटा सोडवून सगळ्या एका पातेल्यात गोळा केल्या आणि वर झाकण ठेवले. तासाभराने आभाळ निवळले. तेव्हा त्यांच्या मनात आले, पोरगी दमून येईल, आपणच लावून ठेवू.

वाचायला त्यांना येत होते. आकडे तर धुलाईखान्यात जन्मभर वाचले होते. त्यांनी चष्मा लावला, पातेले जवळ ओढले आणि आपल्या नियमाप्रमाणे कामाला लागल्या. लहान आधी, मोठे मागून. सत्तावन्न, मग अठ्ठ्याहत्तर, मग दोनशे एकसष्ट, मग तीनशे वीस, तीनशे एकवीस, तीनशे सव्वीस. काही चिठ्ठ्यांवर आकड्याआधी 'इ.स.' होते आणि काहींवर 'इ.स.पू.' होते. त्याकडे त्यांनी पाहिले, ओठ हलवून 'इस' आणि 'इसपू' असे वाचले, आणि आडनावे असतील असे समजून सोडून दिले. ओळ पूर्ण झाली तेव्हा कमरेवर हात ठेवून त्यांनी ती एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. इतक्या खुशीत मी त्यांना क्वचित पाहिले होते.

सून आली. चपलाही न काढता गॅलरीत आली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"आई, हे काय?"

"पाऊस येणार होता. काढल्या, परत लावल्या. एक आकडा चुकला असेल तर दाखव."

"आई, अशोक चंद्रगुप्ताच्या आधी लावलात! नातू आजोबांच्या आधी आला!"

"आकडा लहान आहे त्याचा."

"आणि हे दोन चंद्रगुप्त शेजारी शेजारी!"

"एका नावाचे आहेत, आकडेही लगोलगचे. म्हटलं, सख्खे शेजारी असणार. एक इसपूंचा आणि एक नुसत्या इसांचा."

दुसऱ्या एखाद्या दिवशी सून यावर पोट धरून हसली असती. पण त्या दिवशी तिची सराव परीक्षा वाईट गेली होती, आणि जी दोन माणसे तिचे वर्ष खाऊन बसली होती, ती आता घरातल्याच दोरीवर गळ्यात गळे घालून उभी होती. तिचा तोल गेला. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" ती ओरडली. "माझं एकच वर्ष राहिलंय, आई! तुम्हाला काय, तुमचे चादरी-टॉवेल!"

सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पातेले उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाट पाहत राहिले, पण कपडे आलेच नाहीत. सासूबाईंनी ते आत खुर्च्यांच्या पाठींवर वाळत घातले होते. दोरी आता सुनेची, जणू असे त्यांनी ठरवून टाकले. चिठ्ठ्याही तशाच चुकीच्या ओळीत लटकत राहिल्या, त्यांना कुणी हात लावेना. मुलगा बिचारा मधल्या मधे. आईकडे गेला तर आई म्हणे, "मला काही झालेलं नाही." बायकोकडे गेला तर तीही तेच म्हणे. दोघींना काही झालेले नसताना घरात तीन दिवस कुकरच्या शिट्टीखेरीज कुणी मोठा आवाज काढला नाही. मित्रांनो, माझ्यावर सतरंजी पडली होती तेव्हासुद्धा मला इतके जड वाटले नव्हते.

मग एका दुपारी सुनेने खुर्चीच्या पाठीवरचे ओले सदरे उचलले, सासूबाईंच्या नियमाने माझ्यावर घातले आणि ती रिकामी खुर्ची गॅलरीत आणून ठेवली.

"आई, जरा बसता का इथं?"

"कशाला? मला काय कळतंय त्यातलं?"

"ते कळत नाही ही माझी चूक. मी कधी सांगितलंच नाही. आणि त्या दिवशी ओरडले, तेही चुकलंच."

"ओरडलीस खरी," सासूबाई म्हणाल्या, पण येऊन बसल्या.

सुनेने सगळ्या चिठ्ठ्या काढून मांडीवर घेतल्या. कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना. तिने माझ्याकडे पाहिले, आणि मग तिचे बोट नेमके माझ्या गाठीवर आले. मी शरमेने अर्धी झाले.

"ही गाठ बघा," ती म्हणाली. "इथून खिळ्याकडे चाललं की वर्षं वाढत जातात. एक, शंभर, हजार. ते झालं इसवी सन. आणि गाठीपासून खिडकीकडे चाललं तरी आकडा वाढतोच. पण तिकडे जितका आकडा मोठा, तितकी गोष्ट जुनी. ते इसवी सनाच्या पूर्वीचं. इसपू."

"म्हणजे तिकडं उलटं चालायचं?"

"हो, उलटं."

सासूबाई गाठीकडे बघत बसल्या. "ही मीच मारलेली," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ बोटांवर मोजत, काहीतरी पुटपुटत राहिल्या, आणि एकदम सरळ बसल्या. "अगं, मग ही लग्नगाठच की! आम्ही बायका असंच मोजतो. माझी शाळा सुटली लग्नाच्या आधी तीन वर्षं. धाकटा भाऊ झाला लग्नाच्या आधी आठ वर्षं. आठ मोठे, पण भाऊ आधी झाला आणि शाळा मागनं सुटली. त्याच्यासाठीच तर सुटली."

"बरोब्बर, आई!"

"मग असं सांग ना सरळ. इसपू म्हणजे माहेर आणि इस म्हणजे सासर. उगाच पू आणि बिपू."

त्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच्या हाताने सगळी ओळ लावली. मौर्यांचा चंद्रगुप्त गाठीच्या खिडकीकडच्या बाजूला गेला, तो माहेरचा चंद्रगुप्त. गुप्तांचा खिळ्याच्या बाजूला, तो सासरचा. दोघांच्या मधे मी इतकी लांब पसरले होते, की आता ते एकमेकांचे शेजारी व्हायला धजले नसते. आणि मला एकाएकी तो दोर वळणारा आठवला. तोही मागे मागेच जात होता आणि मी लांब होत होते. उलटे चालणे म्हणजे चुकणे नव्हे, हे मला जन्मापासून ठाऊक असायला हवे होते.

त्यानंतर गॅलरीत रोज दुपारी शाळा भरू लागली. सासूबाई घड्या घालता घालता चिठ्ठी झाकून विचारत, "अशोक?" "माहेरचा." "हर्ष?" "सासरचा." इंग्रजांच्या काळाकडे आले की खिळ्यापाशी चिठ्ठ्यांची ही दाटी होई. एका चिमट्यात तीन-तीन घटना. सासूबाई म्हणत, "माहेरी मोकळं आणि सासरी सगळ्या कटकटी. इतिहास लिहिणारी बाईच असणार." एकदा त्यांनी विचारले, "ही तुझी पूर्व परीक्षा, तिच्यातही पू आहेच की. म्हणजे परीक्षेच्या माहेरची का?" सून इतकी हसली, की शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावले. कलिंगची चिठ्ठी वाऱ्याने उलटली की दोघी पाठीवरची जाहिरात वाचत. एकदा सासूबाई जरा थांबून म्हणाल्या, "हा डाग काही निघाला नाही बरं का. मी पुष्कळ डाग पाहिलेत. रक्ताचा लवकर धुतला तर निघतो, वाळला की नाही."

आणि एक दिवस, मौर्यांची चिठ्ठी हातात धरून, त्यांनी विचारले, "या बिचाऱ्याला माहीत होतं का गं, आपण इसपू आहोत ते?"

सून विचारात पडली. "नाही, आई. त्याला कसं माहीत असणार? गाठ तर कितीतरी नंतर कुणीतरी मारली."

"हं. मला तरी कुठं ठाऊक होतं, शाळेत जात होते तेव्हा, की हे सगळं लग्नाआधीचं म्हणून मोजलं जाईल." असे म्हणून त्यांनी ती चिठ्ठी जपून लावली.

मित्रांनो, एक गंमत सांगते. त्याच सुमाराला सासूबाईंचे कपडे वाळत घालायचे शास्त्र बदलले. खिडकीच्या गजापाशी चादर, मग टॉवेल, मग सदरा, मग मोजे, असे लहान होत होत गाठीशी हातरुमाल. गाठीपलीकडे पुन्हा हातरुमाल, आणि तिथून मोठे होत होत खिळ्यापाशी दुसरी चादर. मुलाने विचारले, "आई, हे काय नवीन?" त्या म्हणाल्या, "तुला नाही कळायचं. तू लिफ्ट सांभाळ."

पूर्व परीक्षा झाली, सून पास झाली. मुख्य परीक्षा झाली, तीही पास झाली. उरली मुलाखत. त्या दिवशी सासूबाईंनी सगळी कामे वेळेआधी उरकली आणि मग काम नाही म्हणून वाळलेले कपडे पुन्हा धुतले. दुपार कलली तेव्हा सून परत आली आणि थेट गॅलरीत येऊन खुर्चीत बसली. मुलगाही कामावरून लवकर आला होता.

"संपलं," ती म्हणाली. "नाक कापून घेतलं मी."

"झालं काय ते तरी सांग," मुलगा म्हणाला.

"सगळं नीट चाललं होतं. शेवटी एका सरांनी विचारलं, चंद्रगुप्ताविषयी काय सांगाल? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, सर, माहेरचा की सासरचा?"

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. मुलाला हसू आवरेना, म्हणून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला तर वाटले, माझी गाठ आता सुटते.

"पाचही जण माझ्याकडे बघत राहिले. मधल्या बाई होत्या, त्या म्हणाल्या, म्हणजे काय? आता काय लपवणार? सगळं सांगितलं. दोरी, गाठ, तुम्ही, सगळं. मग त्या बाईंनी विचारलं, गाठीवर कोण राहतं? मी म्हटलं, कुणी नाही. शून्य साल नसतंच. इसवी सनापूर्वी एकनंतर लगेच इसवी सन एक. आमच्या दोरीवरही गाठीवर कपडा राहत नाही. मग ते सर म्हणाले, तुमच्या सासूबाई अजून काय विचारतात? मी म्हटलं, त्यांनी विचारलं होतं, चंद्रगुप्ताला माहीत होतं का, आपण इसपू आहोत ते."

"अगं बाई, ते कशाला सांगितलंस?" सासूबाई कळवळून म्हणाल्या. "काय म्हणतील, कसल्या अडाणी घरातली आहे!"

"काहीच म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, तुम्ही येऊ शकता."

ते 'येऊ शकता' चांगले की वाईट, यावर घरात पुढे कित्येक दिवस चर्चा झाली आणि काहीच ठरले नाही.

सुनेची आता पुन्हा परीक्षा नव्हती. निकाल काहीही लागो, पुस्तके आवरायची होती. त्याच वेळी मुलाने गॅलरीसाठी प्लास्टिकचे वेष्टण असलेली पोलादी तार आणली. चकचकीत, बिनगाठीची. मला गजावरून सोडवण्यात आले. पुस्तके, चिठ्ठ्या, सगळ्यांचे एक गाठोडे करून त्याभोवती मला करकचून आवळले आणि आम्हा सगळ्यांना माळ्यावर ढकलले. सोडवताना सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्या काहीतरी बोलतील असे वाटले होते. पण तार खरोखरच मजबूत होती, त्या तरी काय बोलणार?

माळ्यावर अंधार, धूळ आणि एक मोडकी बादली. पोटाशी मौर्य, पाठीशी गुप्त, पण त्यांना वाचणारे कुणी नाही. खाली कपडे झटकल्याचा आवाज येई आणि मला ऊन आठवे. मला वाटे, माझा इतिहास इथेच संपला. राग नव्हता हो, पण वाईट वाटे. सुनेला पास झालेली पाहायला मिळणार की नाही, तेवढेच कळत नव्हते.

आणि एका सकाळी खाली ताट पडल्याचा आवाज झाला. मग सासूबाईंची हाक. मग असा कल्लोळ उठला, की हे हसत आहेत की रडत आहेत ते मला वरून कळेना. गाठोड्याला आवळून धरलेले माझे सगळे पदर ताणले गेले. तेवढ्यात सासूबाईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "आधी ती दोरी काढ वरून. पेढे-बिढे मग."

सून पास झाली होती. यादीत तळाकडे होती, पण यादीत होती.

मुलाने मला खाली आणले. सासूबाईंनी धूळ झटकली आणि मला पुन्हा गजाला आणि खिळ्याला बांधले, त्या चकचकीत तारेच्या शेजारी. मग खिळ्याकडच्या टोकाला, शेवटच्या वीतभर जागेत, त्यांनी माझा वेढा हातात घेतला.

"इथं एक नवीन गाठ मारते," त्या म्हणाल्या. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून त्या तशाच बोलत होत्या. "आजपासून नव्यानं मोजायचं. तुझं नापास होणं, रडणं, ओढाताण, ते सगळं आता गाठीच्या पलीकडं. सगळं इसपू."

सुनेने त्यांचा हात धरला. "आई, नवीन गाठ नको."

"का गं?"

ती त्यांना माझ्या कडेकडेने चालवत घेऊन आली, मागे मागे, माझ्या त्या जुन्या, ओबडधोबड गाठीपाशी. आणि त्यांचा हात तिच्यावर ठेवून म्हणाली, "ही आहे ना. तुम्ही चिठ्ठ्या चुकीच्या लावल्यात आणि मग आपण दोघी इथं बसलो, ते इथंच. आजपासून कशाला मोजायचं? इथपासून मोजू. याच्या आधी मी एकटीच अभ्यास करत होते."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी ती गाठ धरली आणि तशाच उभ्या राहिल्या. साबणाने खरखरीत झालेले ते हात मला जन्मभर ओळखीचे होते. ज्या जागी कधी कुठला कपडा टिकला नाही, ती जागा त्या दिवशी पहिल्यांदा भरली. मी वाऱ्यावर जराही वळले नाही.

मित्रांनो, आता मी फार जड काही उचलत नाही. सून दुसऱ्या गावी कामावर असते आणि सुट्टीला येते. चादरी आणि टॉवेल ती पोलादी तार सांभाळते. तिचे-माझे सूत बरे जमले आहे. माझ्याकडे हातरुमाल आहेत आणि गाठीच्या दोन बाजूंना दोन चंद्रगुप्त. त्यांच्या चिठ्ठ्या सासूबाई पावसाची चाहूल लागली की अजूनही सगळ्यांच्या आधी काढतात, आणि आता त्या कधी चुकत नाहीत.

तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. तुमच्याही घरात एखादी दोरी असेल. तिच्यावर ओली सतरंजी टाकू नका. तुटलीच तर लगेच फेकू नका, दोन टोके जवळ आणून घट्ट बांधा. आणि तिच्या गाठीला कुणी नावे ठेवली, तर त्याला म्हणावे, जरा थांब. आम्ही इथपासून मोजतो.